यंदा कोणी पीठ आणू नका

"उतर खाली. उतर म्हणतो ना तुले. बंद कर तो भोंगा, नाईतर ऑटोसकट नाल्यात टाकून देतो."

हे आमच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष, अंजनगावच्या आठवडी बाजारात, भर दुपारी, ऑटोच्या पुढच्या चाकासमोर उभे राहून बोलत होते. बोलत होते, असं मी आदरापोटी लिहितो. अध्यक्षांनी कोणाला नुसतं "चहा घेता काय" असं विचारलं तरी शेजारच्या गोठ्यातला बैल दावं तोडून पळायचा. त्या दिवशी तर ते खरोखर ओरडत होते, आणि समोरच्या बाईच्या ढिगावरची वांगी एकेक करून आपोआप खाली घरंगळत होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कोणाला पटत नसेल तर त्याने पटवून घेऊ नये.

ऑटोच्या आतून उत्तर आलं. भोंग्यातून आलं, म्हणजे सगळ्या बाजाराला आलं.

"ऐका हो ऐका. आमच्या गावचे माननीय अध्यक्ष स्वतः बाजारात आलेले आहेत. यात्रेचं आमंत्रण त्यांना जातीने द्यायचं आहे. कृपया वाट द्या, त्यांना उन्हात उभं ठेवू नका."

बाजारातल्या लोकांनी खरंच वाट दिली. एकाने बसायला पाटी उलटी करून ठेवली. अध्यक्ष मग आणखी लाल झाले, कारण आमंत्रण द्यायला नाही, यात्रेचा पुकारा थांबवायला ते दोन बस बदलून आले होते.

ऑटो चाचांचा, भोंगा माझा, आवाज वहिनीचा. आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी गावात बिछायत केंद्र चालवायचो. मांडव, सतरंज्या, खुर्च्या आणि भोंगे भाड्याने द्यायचो. लग्न असो की तेरवी, खाली सतरंजी माझीच. चाचांचं घर मशिदीच्या मागे. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कापूस पिंजून गाद्या भरायचं काम, पण कारखान्याच्या गाद्या आल्या तेव्हा चाचांनी पिंजण भिंतीला टांगली आणि ऑटो घेतला. त्या ऑटोला ब्रेक नव्हता. चाचा नुसते "अबे रुक" म्हणायचे आणि तो थांबायचा.

आणि वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा माझा सख्खा भाऊ नव्हे, सगळ्या गावाचाच दादा. दादा हा आमच्या सगळ्या पट्ट्याचा अलाउन्स करणारा, म्हणजे भोंग्यावरून पुकारा करणारा. परतवाड्यापासून अकोटापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याने जेवढी गावं लागतात, त्या सगळ्या गावांच्या यात्रा, उरूस, कुस्त्यांच्या दंगली, भंडारे, भजनांच्या स्पर्धा लोकांना त्याच्या तोंडून कळायच्या. त्याने सेमाडोहच्या रस्त्यावर एकदा गळा साफ केला, तर वाघ मान खाली घालून रस्त्याच्या कडेला बसला आणि पुढची सूचना काय येते याची वाट पाहू लागला, असं मी लोकांना सांगत असे. काही वर्षांनी लोक तीच गोष्ट मला सांगायला लागले, तेव्हा माझाही तिच्यावर विश्वास बसला.

त्या यात्रेआधीच्या श्रावणात दादा गेला. कसा गेला, ते त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नसे, आणि मीही इथे सांगणार नाही. ज्याला ते ऐकायची हौस असेल त्याच्यासाठी त्या काळात पुष्कळ लोक लिहीत होते.

फार लिहीत होते. रोज एक जीप यायची. पेपरवाले, अभ्यासवाले, मदतवाले. गावात शिरताना आवाज खाली घ्यायचे, दवाखान्यात शिरल्यासारखे. पारावर कोणी हसत असलं की कॅमेरा बाजूला धरायचे आणि हसू संपायची वाट पाहायचे. आमची माणसंही चिवट. एकदा पारावरच्या म्हाताऱ्यांनी मुद्दाम चहाच्या वेळेपर्यंत हसू संपू दिलं नाही, एकाचं संपलं की दुसऱ्याने धरायचं. शेवटी ती जीप शेजारच्या गावी गेली. असाच एक पेपरवाला दुपारी तीन वाजता आला, चार घरांत डोकावला आणि आमच्या गावात चुली पेटत नाहीत असं छापून मोकळा झाला. आता दुपारी तीनला कोणाच्या घरची चूल पेटलेली असते, हे त्याला त्याच्या आईने सांगायला हवं होतं. पण छापलं ते छापलं. आमच्या गावच्या माणसाला बाजारात लोक दुकानाच्या पायरीवर बसवून पाणी देऊ लागले. भांडणसुद्धा धड करीनात. वऱ्हाडात माणसाशी कोणी भांडेनासं झालं, की समजावं त्याची किंमत गेली.

अध्यक्षांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी जाहीर केलं की यंदाची यात्रा साधेपणाने. आमच्याकडे साधेपणाने याचा अर्थ नाही, असा होतो. महादेवावर पाणी घालायचं, नारळ फोडायचा आणि आपापल्या घरी जायचं. भोंगा नाही, दंगल नाही, रोडगे नाहीत.

फाल्गुनात नाल्याकाठच्या महादेवाची यात्रा, होळीच्या चार-सहा दिवस अलीकडे. गहू सोंगून झालेला, हरभरा खळ्यात, पळस असा पेटलेला की मेंढरं त्याच्या बाजूने चालताना अंग चोरतात. एक दिवस खंजिरी भजनं, एक दिवस कुस्त्या आणि शेवटच्या दिवशी रोडगे. त्याच्या पुढच्या आठवड्यात टेकडीवरच्या दर्ग्याचा उरूस आणि कव्वाली, त्याचा मांडवही माझाच. या सगळ्यात मोठा दिवस रोडग्यांचा. जाड दळलेली कणीक मळायची, पोळीत पोळी गुंडाळून गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. करायचं सगळं गड्यांनी, बायांनी बसून खायचं. आणि रीत अशी, की वांगी, डाळ, गोवऱ्या आमच्या गावच्या, पण पीठ ज्याचं त्याने आणायचं. सोळा गावांची माणसं फडक्यात पीठ बांधून येतात आणि महादेवासमोरच्या ताडपत्रीवर ओततात. सगळं एकात एक मिसळलं की कोणाचं कोणतं, हे महादेवालाही सांगता येत नाही.

फक्त एका घराचं पीठ चालत नाही. ज्या घरी वर्षभरात माणूस गेलं, त्या घराने सण धरायचा नाही. धुळवडीच्या दिवशी गाव गुलाल घेऊन त्या दारात जातं, चौकटीला लावतं आणि मग तो दुखवटा सुटतो. तोवर त्या घरचं पीठ सामाईक निखाऱ्यात पडत नाही.

वहिनीचं घर त्या वर्षी तसं होतं. पोरबाळ नव्हतं. तिचा भाऊ बाळापूरकडून तिला न्यायला आला होता. माणूस वाईट नव्हता. आला तो अंगणातल्या बाजेवर बसला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिला, कितीदा सांगितलं तरी पिशवी खाली ठेवीना. "इथं काय खाशीन तू? यात्रा झाली का चाल," एवढं एकच वाक्य तो घेऊन आला होता. तिकडे भावजयीच्या हाताखाली राहायचं, ओसरीवर अंथरूण टाकायचं, हे वहिनीला न सांगता कळत होतं.

मी माझ्या परीने अलाउन्स करून पाहिलं होतं. दादानंतर हरभऱ्याच्या दिवसांत एका भजन स्पर्धेचा पुकारा मी केला. माझा आवाज माणसात चांगला लागतो, पण भोंग्यात शिरला की त्याला काय होतं कोण जाणे. दोन गावांतून लोक टोप्या काढून बाहेर आले आणि "कोण गेलं?" म्हणून विचारायला लागले. तिसऱ्या गावात एक बाई रडत आली. चाचा म्हणाले, "भाई, तू मुंह बंद रख, सिर्फ बत्ती लगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतो तर वहिनी ऑटोत मागच्या सीटवर, दादाच्या जागेवर, माईक हातात धरून बसलेली.

"वहिनी, काय करून राहिल्या?"

"भावजी, तार जोडा."

"तुमाले येते काय?"

"बारा वर्षं तो भाकरीसमोर बसून पाठ करे. त्याच्याआधी मले तोंडपाठ होये. जोडा तार."

मी तार जोडली. तिने एकदा फुंकर मारली आणि म्हणाली, "ऐका हो ऐका." तेवढ्यानेच वरूडकडे संत्र्याचा निम्मा बहार गळाला, असं तिकडचे व्यापारी सांगतात. गावातली कुत्री एका रांगेत येऊन बसली. आणि तिची भाषा. घरी बोलायची तशी नाही. भोंग्यावर बसली की तिच्या तोंडून एकदम पुस्तकातलं मराठी यायचं, "कृपया" आणि "सर्व भाविकांनी". दादाचीच तऱ्हा. फक्त दादा लोकांना विनंती करायचा आणि ही लोकांना कामाला लावायची.

कमिटीत लगेच बोलावणं आलं. गावची प्रत्येक सून ही अध्यक्षांची सूनबाई. अध्यक्ष म्हणाले, "सूनबाई, एक तं यात्रा साधेपणानं हाये. आन तुह्या घरी दुखवटा. दुखवट्यातली बाई सण करते काय?"

"मी सण करून नाई राहिली मामाजी. सांगून राहिली."

"एकच झालं."

"एकच कसं होईन? तुमी लग्नाची पत्रिका वाटता तं तुमचं लग्न लागते काय?"

कमिटीतले दोघे खोकण्याच्या निमित्ताने बाहेर गेले. अध्यक्ष म्हणाले, "यंदा भोंगा लागणार नाई. माह्या हयातीत नाई." आता आमच्याकडे यात्रेने ज्याला माईक दिला, त्यालाच पुढे उन्हाळाभर लग्नांची, उरसांची, लिलावांची बोलावणी. यात्रेने नाही म्हटलं म्हणजे सगळ्या पट्ट्याने नाही म्हटलं. वहिनीला माईक नाही म्हणजे बाळापूरची ओसरी. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि बाजेवरच्या त्या पिशवीलाही माहीत होतं.

तर आम्ही काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. चाचा म्हणाले, "अध्यक्षांनी गावात भोंगा नाही म्हटलं. बाजार का तो नाम नहीं लिया." पथ्रोट झालं, अकोट झालं. दंगल, भजनं, कव्वाली, सगळ्याचा पुकारा वहिनीने केला. जे कार्यक्रम रद्द झाले होते तेही तिने जिवंत करून टाकले. तिसऱ्या बाजारात, अंजनगावला, अध्यक्षांनी आम्हाला गाठलं. तिथून मी सुरुवात केली होती.

तर अध्यक्षांसाठी बाजाराने वाट केली, पाटी उलटी ठेवली. अध्यक्ष पाटीवर बसले नाहीत. आवाज खाली घेऊन, म्हणजे फक्त निम्म्या बाजाराला ऐकू जाईल असा, म्हणाले, "सूनबाई, तमाशा नको. उतर. लोक काय म्हणतीन?"

तेवढ्यात लोक म्हणालेच. शेजारच्या गावचा एक लसूणवाला, तराजू हातात धरून, म्हणाला, "अध्यक्ष, यात्रा-बित्रा ठीक हाये. पण यंदा रोडगे कायचे लावता? तुमच्याकडं तं चूल पेटत नाई म्हणे. पेपरात होतं."

आणि बाजार हसला. फार नाही, थोडासा, दया करून हसतात तसा. ते जास्त वाईट. मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्या माणसाला मी गारपिटीत ओरडताना पाहिलं होतं, मोर्चात ओरडताना पाहिलं होतं, स्वतःच्या मुलीच्या बिदाईत हुंदके देताना ओरडलेलं पाहिलं होतं. त्या वेळी त्यांच्या तोंडातून काही निघालं नाही.

माईक खट्ट वाजला.

"ऐका हो ऐका. सर्व भाविकांना महत्त्वाची सूचना. यंदाच्या यात्रेला कोणीही घरून पीठ आणायचं नाही. दरसालची फडकी घरी ठेवा, हात हलवत या. आमच्या गावात पीठ आहे. सोळा गावांनी यावं, आपले पाहुणे आणावे, पाहुण्यांनी आपले पाहुणे आणावे. रोडगे आमच्या पिठाचे आणि पोट भरेपर्यंत. लसूणवाल्या भाऊंनी दोन वेळा जेवावं."

चाचांनी हँडलवर डोकं टेकवलं. "बेटी," ते म्हणाले, "मर गए अपन."

सगळ्यांची तोंडं अध्यक्षांकडे वळली. मला वाटलं, आता हा माणूस सांगणार की बाई खुळी आहे, यात्रा होणार नाही, तुम्ही पीठ घेऊन या की नका येऊ. तसं म्हणणं म्हणजे पेपरवाला खरा. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. लसूणवाल्याच्या पाटीतला एक गड्डा उचलून वास घेतला आणि पुन्हा पाटीत टाकला.

"ऐकलं ना?" ते म्हणाले. "हात हलवत या."

आणि ऑटोजवळून जाताना दात आवळून आम्हाला म्हणाले, "गावात तं या तुमी."

गावात आलो तर पारावर सगळं गाव. अध्यक्षांनी अंजनगावपासून दाबून ठेवलेला आवाज इथे सोडला. पिंपळाची जुनी पानं त्या दिवशी गळाली. नवी त्याच्यामुळेच लवकर आली. "सोळा गावाचं पीठ? तुह्या बापानं ठेवलं होतं का इथं?"

वहिनी पदर खोचून उभी होती. "माह्या बापानं नाई ठेवलं. मंग सांगू का, का पीठ नाई हाये? भोंगा ऑटोवरच हाये. आत्ता जातो अंजनगावले आन सांगतो. पेपरवाला बरोबर होता, आमी भुकेनं मरून राहिलो, तुमी तुमचं पीठ घेऊन या आन दोन मुठी आमालेही टाका. सांगू?"

मग मागून एक जण म्हणाला, माझ्या घरी दोन पायल्या निघतील. दुसरा म्हणाला, चार. त्या वर्षी ज्यांच्या घरी काय आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं, तेही बोलायला लागले, आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त बोलायला लागला. एकाने इतकं पीठ सांगितलं की त्याच्या बायकोने मागून त्याचा सदरा ओढला. मी स्वतः एक पोतं सांगितलं. माझ्याकडे पोतं होतं, हे खरं आहे. त्यात काय होतं, ते कोणी विचारलं नाही.

खरं तर जमलं ते असंच जमलं. उन्हाळ्यासाठी ठेवलेला गहू लोकांनी काढला, पेरणीपुरता ठेवलेलाही कोणी काढला, कोणी माहेरहून आणला आणि माहेरचा म्हणून सांगितलं नाही. गावातली चक्की दिवसा चालेना, कारण लाईन नसायची. चाचांच्या मावसभावाची डिझेलवरची चक्की होती अकोटला. तीन दिवस चाचांचा ऑटो गहू घेऊन गेला आणि पीठ घेऊन आला. शेवटी तो ऑटो आहे की कणकेचा गोळा आहे, हे पोलिसांनाही कळेना. त्यांनी एकदा थांबवला, आत डोकावले आणि शिंकत परत गेले.

वहिनीच्या घरचं पीठ मात्र ताडपत्रीवर ओतायला कोणी उचललं नाही. बायांनी तिला आधीच सांगितलं होतं, "तुह्या घरचं नाई चालत बाई. वाईट वाटून घेऊ नको." तिने मान हलवली. तिचा भाऊ बाजेवरून म्हणाला, "पाह्य. यायच्यासाठी तू गळा फाडते आन हे तुह्या हाताचं पीठही घेत नाई." त्यालाही तिने मान हलवली.

यात्रेच्या दिवशी धूर निघाला तो मोर्शीपर्यंत दिसला. अमरावतीहून आगीचा बंब निघाला होता म्हणतात, पण रस्त्यात त्यालाही वास आला आणि तो सावकाश चालवत जेवायला आला. माणसं किती आली ते मी सांगत नाही. तुम्ही म्हणाल हा फेकतो. एवढं सांगतो, माझ्याकडच्या सगळ्या सतरंज्या अंथरल्या, मग सतरंज्यांच्या खालची पोती अंथरली, मग लोक एकमेकांच्या मांडीवर बसले. आणि आली ती खरंच हात हलवत. यात्रेत शिरताना बायापोरं, म्हातारेकोतारे दोन्ही हात वर करून हलवत होते, मोकळे आहेत हे दाखवायला. आमच्या गावची माणसं नाल्याच्या पुलावर उभी राहून ते पाहत होती आणि त्यांच्या छात्या अशा फुगल्या होत्या की पुलाला कठडा लागेना.

अध्यक्ष सदरा काढून, बनियनवर, कोपरापर्यंत कणकेत. चाचा वांग्यांच्या कढईशी. वहिनी मचाणावर, भोंग्यामागे. "ही पंगत उठली. पुढच्या भाविकांनी बसून घ्यावं. उठलेल्या भाविकांनी पुन्हा बसू नये, आम्ही ओळखतो." आदल्या दिवशीची दंगल संपली नव्हती, ती बाजूला चालूच होती, गुलालाची पोती तिथे उघडी.

ऊन कललं तेव्हा शेवटची पंगत उरली. फार मोठी नव्हती. पण त्यात लसूणवाला होता, दोन मुलं आणि अख्खी सासरवाडी घेऊन. दुपारी जेवून गेला होता. दुसऱ्यांदा बोलावलं होतं म्हणून आला होता. आणि ताडपत्रीवर पीठ नव्हतं. मी जाऊन पाहिलं. कडा झटकल्या. मुठीत येईल एवढं निघालं.

अध्यक्षांना सांगितलं. ते कणकेचे हात तसेच धरून उभे राहिले. "कोणाकडं हाये?"

कोणाकडे नव्हतं. जे होतं ते सगळ्यांनी आणलं होतं. चाचांनी कढईतून मान वर काढली नाही, वांगी ढवळत म्हणाले, "एक घर में है. दो बोरी. मैंने खुद पिसवाके लाया, पहिल्याच दिवशी."

कोणतं घर ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. दादाने आपल्या वावरात पेरलेला शेवटचा गहू होता तो. कणगीतून तिने स्वतःसाठी काढला नव्हता.

अध्यक्ष मचाणाखाली आले. वर पाहिलं. "सूनबाई. पीठ."

वहिनीने माईक खाली धरला. "दुखवट्याचं हाये ते मामाजी."

"मालूम हाये."

"होळी व्हायची हाये अजून."

"मालूम हाये म्हणतो ना."

"मंग?"

पंगतीतली पानं मांडली गेली होती. लसूणवाला मान उंच करून आमच्याकडे पाहत होता. अध्यक्षांनी एकदा पंगतीकडे पाहिलं आणि एकदा महादेवाकडे, जणू त्याने एखादी तोड काढावी. महादेवाने काढली नाही. मग अध्यक्ष आखाड्याकडे वळले, कणकेच्या हाताने गुलालाची मूठ भरली आणि गावाकडे चालायला लागले.

डफडेवाल्यांना वाटलं, जिंकलेल्या पहिलवानाची मिरवणूक निघाली. ते वाजवत मागे निघाले. डफडं वाजलं म्हणून गाव निघालं. पहिलवानही निघाला, आपण कशात आहोत हे न कळता. वहिनी मचाणावरून उतरून मागून आली. एका म्हाताऱ्याने वाटेत अध्यक्षांना अडवलं, "अरे, धुळवडीच्या आंधी कसा काय लावतं? रीत हाये का?"

"रीत पंगतीत बसली हाये," अध्यक्ष म्हणाले. "भूक लागली तिले. सर बाजूले."

दारात वहिनीचा भाऊ बाजेवर बसला होता, पिशवी मांडीवर. एवढं गाव, डफडं आणि गुलाल घेतलेला बनियनवरचा माणूस पाहून तो उभा राहिला. अध्यक्षांनी चौकटीला, एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला, गुलाल फासला. हाताला कणीक होती, त्यामुळे तो असा चिकटला की पुढचे दोन पावसाळे निघाला नाही. आत गेले, पोतं खांद्यावर घेतलं, दुसरं चाचांनी घेतलं. बाहेर येताना वहिनीकडे न पाहता म्हणाले, "माईक रिकामा ठेवून कोणी येते काय? शेवटच्या कुस्तीचा निकाल कोण सांगन, मी?"

ती पळत परत गेली. आम्ही यात्रेत पोचेपर्यंत निकाल भोंग्यावर येऊन गेला होता, हरलेल्या पहिलवानाला दोन सूचनाही देऊन झाल्या होत्या. शेवटच्या पंगतीला रोडगे पडले. लसूणवाल्याने किती खाल्ले ते मी मोजत होतो, पण त्याच्या सासऱ्याने मला पाहिलं, तेव्हा सोडून दिलं. जाताना तो अध्यक्षांना म्हणाला, "भाजीत लसूण कमी होता." अध्यक्ष त्याच्याशी तिथेच कडाडून भांडले. पाऊण गाव भोवती जमून ऐकत होतं, सुखाने.

दिवेलागणीला मी सतरंज्या गुंडाळत होतो. वहिनी मचाणाखाली बसून भोंग्याची तार कोपरावर गुंडाळत होती. तिचा भाऊ आला. त्याने हातात रोडगा धरला होता, अर्धा खाल्लेला, आणि काखेत पिशवी. थोडा वेळ तार गुंडाळली जाताना पाहत राहिला.

"सकाळची अकोल्याची गाडी हाये," तो म्हणाला. "येशीन ना, बाई?"

तिने तारेचा शेवटचा फेरा घेतला आणि टोक आत खोचलं.

"उद्या दर्यापूरले उरसाचा भोंगा हाये," ती म्हणाली.